नाताळ २०२५ : वर्षभर आधीपासून पैसे साठवल्याच्या नोंदी (इंदूर)

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या घराण्यात नाताळ पाळीने होतो. एका वर्षी पुण्याला दिराकडे, एका वर्षी नगरला नणंदेकडे, तिसऱ्या वर्षी इंदूरला आमच्याकडे. यंदा पाळी आमची. घरचे पाच आणि येणारे नऊ, मुक्काम २३ ते २८ डिसेंबर.

मागची पाळी २०२२ ला होती. तेव्हा अर्ध्याहून जास्त खर्च क्रेडिट कार्डावर गेला आणि ते फेडता फेडता ईस्टर उजाडला. कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे सण संपल्यावरही आपण सणाचेच पैसे भरत राहतो. यंदा कार्डाला हात लावायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. ज्यांच्या घरी पुढे अशी पाळी आहे त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

२०२२ ची हिशेबाची वही काढली. भाव वाढलेत हे धरून नवे आकडे मांडले. नणंदेचं आणि तिच्या दोन मुलांचं येण्याजाण्याचं तिकीट आम्ही काढतो, ते ९,०००. घरच्या पाच जणांचे कपडे १८,०००. आहेर आणि मुलांच्या भेटी १०,०००. फराळ आणि केक १४,०००. जेवणखाण २०,०००. गाद्या-रजया, गच्चीवरचा मांडव आणि खुर्च्या ६,०००. सजावट ३,०००. घरोघर नाताळची गाणी म्हणायला येणाऱ्या कॅरल मंडळींचा पाहुणचार आणि चर्चचं खास दानार्पण ५,०००. मांडूची एक दिवसाची सहल ५,०००. बेरीज ९०,०००. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पगारातून आधीच निघतो, तो यात धरलेला नाही.

जानेवारी ते नोव्हेंबर अकरा पगार. महिन्याला ८,२०० बाजूला पडले तर जमतं. ह्यांची नोकरी पीथमपूरला, मी शाळेत शिकवते. दोन पगारांतून एवढं निघू शकतं, पण महिन्याच्या शेवटी उरेल ते ठेवू म्हटलं तर काही उरत नाही. म्हणून पगाराच्या दिवशीच काढायचं.

वहीत खर्चासमोर तारखा टाकल्या आणि खरी गोम तिथे सापडली. नाताळ २५ डिसेंबरला असला तरी निम्मा पैसा ऑक्टोबर संपायच्या आत लागतो. कापड आणि शिलाई, सुकामेवा, रेल्वेची तिकिटं, आहेर. २०२२ ला बँकेतली ठेव डिसेंबर अखेरची होती आणि खर्च ऑक्टोबरपासून सुरू झाला होता. मधल्या दोन महिन्यांची भर कार्डाने घातली.

चांदणी आणि माळा आजच घेतल्या. सण उलटल्यावर रानीपुऱ्यातले दुकानदार उरलेला माल गोदामात ठेवण्यापेक्षा निम्म्यात देतात. मोठी कागदी चांदणी, दिव्यांच्या दोन माळा आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीसाठी लागणारं गवत, सगळं मिळून ९४०.

१० जानेवारी, शुक्रवार

पैसे कुठे ठेवायचे यावर या आठवड्यात बरीच चौकशी झाली.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीचं (आरडीचं) व्याज चांगलं आहे, ६.७ टक्के, पण मुदत पाच वर्षांची आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. एका सणासाठी ती कामाची नाही. आमचं पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे आरडी बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीची होत नाही. आज उघडली तर पैसे पुढच्या जानेवारीत हातात येणार. दुसऱ्या एका बँकेत सहा महिन्यांपासून पुढे उघडता येते. तिथे महिन्याला ४,५०० ची, नऊ महिन्यांची आरडी उघडली. मुदत संपेल १० ऑक्टोबरला. आरडी उघडताना आपल्याला पैसा कोणत्या दिवशी लागणार ते आधी लिहा आणि तिथून मागे मोजत या.

कापडाच्या एका दुकानात ‘अकरा हप्ते भरा, बारावा आमचा’ अशी योजना आहे. अशा योजना अकरा महिन्यांच्या असतात कारण आगाऊ घेतलेल्या पैशाचा माल ३६५ दिवसांत दिला नाही, तर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ती रक्कम ठेव मानली जाते. फायदा वाईट नाही, पण पैसा त्या एकाच दुकानाला बांधला जातो. तिथल्या किमतींना मग घासाघीस करता येत नाही. नको म्हटलं.

उरलेल्या ३,७०० पैकी २,००० गल्लीतल्या बायकांच्या भिशीत. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, जमलेली रक्कम दर महिन्याला एकीला मिळते. मी नंबर नोव्हेंबरचा मागून घेतला. १,७०० रोख, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात.

२३ फेब्रुवारी, रविवार

आगर-शाजापूरकडची संत्री बाजारात स्वस्त आहेत. घरात संत्री रोज खाल्ली जातात, तेव्हा सालं टाकू नका असं सगळ्यांना बजावून ठेवलं. केकमध्ये घालायची पाकवलेली साल दुकानात महाग मिळते आणि तिला वासही नसतो.

सालं दोनदा उकळून कडू पाणी फेकून दिलं. मग बारीक लांब तुकडे, सालीइतकीच साखर, थोडं पाणी, मंद आच. पाक आटून सालं काचेसारखी पारदर्शक झाली की ताटात पसरून दोन दिवस पंख्याखाली वाळवली. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवली आहेत. खर्च साखरेचा आणि गॅसचा. पहिल्या घाण्यात पाणी एकदाच फेकलं होतं, ती सालं कडू राहिली, ती बाजूला काढली.

६ एप्रिल, रविवार

डबा फुटला. आपल्याकडे शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. दोन्ही मुलांची वह्या-पुस्तकं खजुरी बाजारातून आणली, धाकट्याचा गणवेश आखूड झाला होता तो नवा घेतला, आणि त्या आठवड्यात दुसरी रोकड घरात नव्हती. डब्यात तीन महिन्यांचे ५,१०० होते, त्यातले ४,६०० गेले.

पुस्तकं घ्यायलाच हवी होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं डब्याबद्दल आहे. डबा कपाटात, कपाट घरात, आणि घरात कुणालाही गरज लागली की हात तिकडेच जातो. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आमच्या वेळी मी पैसे चर्चच्या बायकांच्या मंडळाकडे ठेवायला द्यायची. घरात ठेवलेला पैसा सणापर्यंत टिकत नाही.” त्यांचं बरोबर आहे.

आता असं केलं. माझ्या नावावर लग्नाआधीचं एक बचत खातं आहे. त्याला एटीएम कार्ड नाही, फोनवरच्या यूपीआयला ते जोडलेलं नाही. पैसे काढायचे तर पासबुक घेऊन शाखेत जावं लागतं. पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या २ तारखेला १,७०० आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला दिली. डब्यात ५०० उरलेत ते तसेच राहू दे.

शाळेच्या खर्चाचं वेगळं पान वहीत उघडलं. एप्रिलचा खर्च दरवर्षी येतो आणि त्यासाठी आपण काहीच बाजूला काढत नाही. नाताळच्या पैशावर धाड पडते ती अशाच दुसऱ्या, ठरलेल्या पण न मोजलेल्या खर्चांची.

२७ जुलै, रविवार

भिशी मोडली. एका बाईंनी मार्चमध्ये रक्कम उचलली आणि मेनंतर हप्ता देणं बंद केलं. मग आणखी दोघींनी हात आखडता घेतला, आणि जिच्याकडे हिशेब होता तिने या आठवड्यात सगळ्यांना बोलावून सांगितलं की पुढे चालवणं शक्य नाही. माझे जानेवारी ते जुलै १४,००० गेले आहेत. त्यातले ९,००० सप्टेंबरपर्यंत परत मिळतील असं ठरलं. ५,००० चं कुणी काही बोलत नाही.

भिशीसारख्या चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे, पण तो नोंदणी केलेल्या चिटचं रक्षण करतो. गल्लीतली भिशी कुठेच नोंदलेली नसते. कागद नाही, सही नाही, पावती नाही. वाद घालून शेजारही जातो आणि पैसेही मिळत नाहीत. भिशीने कितीतरी घरांत फ्रीज आणि शिलाई मशीन आणलं आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ज्या पैशाला ठरलेली तारीख आहे तो पैसा तिथे ठेवू नये, आणि शेवटाकडचा नंबर तर मुळीच मागून घेऊ नये. शेवटाकडच्या नंबरवाली सगळ्यांना उधार देत असते, आणि मोडली की तिचंच सगळ्यात जास्त अडकतं.

ऑगस्टपासून हे २,००० सुद्धा त्या जुन्या खात्यात.

१० ऑगस्ट, रविवार

आकडे पुन्हा मांडले. डब्याचे ४,६०० आणि भिशीचे ५,०००, एवढं भोक. आरडीचं व्याज हजाराच्या थोडं वर येईल. तरी आठ हजारांच्या वर तूट राहते. नवं उत्पन्न काही दिसत नाही, तेव्हा खर्चातच काटछाट.

मांडू रद्द. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, आणि वर्षअखेरीला गाडीवाले भाव वाढवतात. त्याऐवजी एका रात्री सगळ्यांना सराफ्यात न्यायचं. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, मुलांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं. मोठी लेक हिरमुसली. तिला वही दाखवली. चौदा वर्षांची आहे, समजते.

पैशाविषयी दिरांशी बोलायचं की नाही यावर आम्ही दोघं बरेच दिवस अडलो होतो. पाळी आपली, मग दुसऱ्याकडे कसं मागायचं? शेवटी मीच जावेला फोन केला आणि भिशीचं सरळ सांगितलं. ती म्हणाली, “वहिनी, एवढं मनात ठेवून बसलात होय? चकल्या आणि चिवडा पुण्याहून आम्ही करून आणतो. शंकरपाळे नगरहून ताई आणतील, मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही केक आणि करंज्या बघा.” दहा मिनिटांत तीन पदार्थ आमच्या यादीतून गेले. पुढच्या वर्षी तिची पाळी आहे, तेव्हा आम्ही काय न्यायचं तेही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कापड आज घेतलं. श्रावणात लग्नं नसतात, दिवाळीची गर्दी अजून लागलेली नसते, त्यामुळे एम. टी. क्लॉथ मार्केटात दुकानदार बसवून दाखवतात आणि भावही सोडतात. मुलाचा आणि ह्यांचा शर्ट एकाच तागातून, माझा आणि लेकीचा कुर्ता एकाच तागातून. उरलेल्या तुकड्यांत भाच्याचा एक शर्ट बसला. सासूबाईंना सुती साडी, त्यांनी स्वतः निवडलेली. शिंप्याला लगेच टाकलं आणि मुलांच्या कपड्यांना शिवणीत माया जास्त सोडायला सांगितली. डिसेंबरपर्यंत ही मुलं दोन बोटं तरी वाढतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

भिशीचे ९,००० आले, बोलल्याप्रमाणे.

जीएसटीचे नवे दर ३ सप्टेंबरला जाहीर झाले आणि परवा २२ पासून लागू झाले. म्हणून सुकामेवा आणि तयार गरम कपडे मुद्दाम थांबवून ठेवले होते. बदामावर १२ टक्के होता तो ५ झाला, लोण्या-तुपावरही तसंच. अमूल लोण्याची १०० ग्रॅमची वडी ६२ ची ५८ ला झाली. तयार कपड्यांत हजार ते अडीच हजारांच्या कपड्यावर १२ होता तोही ५ वर आला, त्यात मुलांचे स्वेटर बसले.

सियागंजात पहिल्या दुकानदाराने “माल जुना आहे, जुन्याच भावात” म्हटलं. नवा दर विक्रीच्या तारखेला लागतो, माल कधी भरला त्याला नाही. दुसऱ्याकडे पक्कं बिल मागितलं आणि फरक बिलात दिसला. बदाम, काजू तुकडा, बेदाणे प्रत्येकी एक किलो, शिवाय चारोळी आणि वेलची, २,६३० झाले. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हाच माल महाग होतो. सुकामेवा कोरड्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाकला. बाहेर राहिला तर डिसेंबरपर्यंत काजूला खवट वास येतो.

सुक्या खोबऱ्याचा भाव ऐकून थांबले. गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. करंज्यांच्या सारणात निम्मं खोबरं आणि निम्मा भाजलेला रवा-तीळ असं करायचं ठरवलं. सासूबाईंना आधी विचारलं, त्या म्हणाल्या की त्यांची आई दुष्काळाच्या सालांत असंच करायची आणि चवीत फरक पडत नाही. तिळाला भाजणी नीट पाहिजे एवढंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आरडी पिकली. ४०,५०० चे ४१,५५० झाले. रक्कम पगाराच्या खात्यात येऊ दिली नाही, थेट जुन्या खात्यात वळती करून घेतली. दिवाळी दहा दिवसांवर आहे, पगाराच्या खात्यात एवढी शिल्लक दिसली असती तर ती दिवाळीतच गेली असती. आम्ही दिवाळी साजरी करत नाही, पण शेजारपाजार, शाळेतली देणीघेणी, कामवाल्या मावशींचा बोनस, खर्च होतोच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

तिकिटं. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. २२ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण आज सकाळी ८ ला उघडलं. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून तेव्हा नियम होता की पहिली पंधरा मिनिटं ऑनलाइन तिकीट फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघायचं. ह्यांच्या खात्याचं आधार काल रात्री जोडून घेतलं होतं. ज्यांना सणाचं तिकीट हवं त्यांनी हे काम आठवडाभर आधी उरकावं, ओटीपी कधी कधी येतच नाही.

नणंद नगरहून दौंडला येऊन दौंड–इंदूर एक्सप्रेसला बसेल. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सामान घेऊन चढायला वेळ मिळतो. आज भाऊबीज, म्हणून बऱ्याच घरांत लोक सकाळी दुसऱ्या कामात असतील अशी आशा होती. तसं काही नव्हतं. सव्वाआठला थ्री एसीची प्रतीक्षा यादी सुरू झालेली होती. आपली तिन्ही तिकिटं त्याआधी पक्की झाली.

एक काम आणखी. दिवाळीत शेजारून फराळाची जेवढी ताटं आली ती वहीत घराच्या नावासकट लिहिली. नाताळला प्रत्येक घरी ताट उलटं जातं, त्यात केकची फोड आणि करंज्या. ही यादी हातात असली की फराळ अंदाजाने दीडपट होत नाही. २०२२ ला जानेवारीभर करंज्या पुरवत होतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

परतीचं, २८ डिसेंबरचं तिकीट. दोन पक्की, एक आरएसी. जाताना-येताना मिळून ८,७००.

८ नोव्हेंबर, शनिवार

टेंट हाउसवाल्याकडे गेलो. देवउठणी ग्यारस होऊन गेली, लग्नं सुरू झाली, आणि तो सरळ म्हणाला की गादी-रजईचा दिवसाचा जोड ४० ला. पण आपल्याला माल २३ डिसेंबरला हवा. १६ डिसेंबरच्या सुमाराला खरमास लागतो, त्यानंतर संक्रांतीपर्यंत लग्नं होत नाहीत आणि त्याच्या गाद्या गोदामात पडून असतात. हे बोलून दाखवल्यावर जोड २५ ला दिला, नऊ जोड, पाच रात्री. मांडव आणि खुर्च्याही त्याच हिशेबात. पावतीवर तारीख आणि दर लिहून घेऊन ५०० आगाऊ दिले. रजया त्याने धुतलेल्या द्यायच्या असंही पावतीत लिहिलं. इंदुरात डिसेंबर अखेरीला पारा दहाच्या खाली जातो, आणि पुण्याची मंडळी पातळ पांघरुणाच्या सवयीची आहेत.

मोठा घरगुती खर्च काढणाऱ्या कुणालाही हे सांगेन: आपला सण ज्या दिवसांत येतो त्या दिवसांत दुसऱ्यांचा हंगाम चालू आहे की बंद, ते आधी बघा.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार, चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली.

नोव्हेंबरचा हप्ता गेला, बचत इथे संपते. व्याज धरून आरडी आणि त्यानंतरचे दोन हप्ते ५०,५५०, भिशीतून परत ९,०००, ऑगस्टपासूनचे ८,०००, एप्रिलपासूनचे १३,६००, डब्यातले ५००. एकूण ८१,६५०. ठरवलेल्या ९०,००० पेक्षा ८,३५० कमी. आजवर तिकिटं, कापड-शिलाई, सुकामेवा आणि आहेर मिळून ३६,३३० खर्च झालेत आणि सगळं रोख. २०२२ ला याच तारखेला कार्डावर उधारी चढलेली होती.

१३ डिसेंबर, शनिवार

केकचा दिवस.

आठ किलो. किलोला मैदा, लोणी आणि पिठीसाखर प्रत्येकी पाव किलो, पाच अंडी, पाव किलो सुकामेवा. अंड्यांनी या थंडीत बजेट वाकवलं, तीस अंड्यांचा ट्रे २४० ला. उन्हाळ्यात घेऊन ठेवता येत नाही अशी ही एकच वस्तू आहे. आमच्या घरात रम चालत नाही, म्हणून बेदाणे आणि काजू काल रात्रीपासून संत्र्याच्या रसात फ्रीजमध्ये. फेब्रुवारीतली साल बरणीतून काढली. झाकण उघडल्यावर स्वयंपाकघरात संत्र्याचा वास पसरला, लेक धावत आली.

साखर जाळण्याचं काम सासूबाईंचं. लोखंडी कढईत कोरडी साखर, ढवळायचं नाही, फक्त कढई फिरवायची. कडेने वितळते, मधासारखी होते, मग गडद, आणि धूर निळसर दिसायला लागला की उकळतं पाणी एकदम ओतायचं. चार सेकंद उशीर झाला की कडू. त्यांचं वय ७४, डाव्या डोळ्याने कमी दिसतं, त्या वासावर ओळखतात.

घरच्या ओव्हनमध्ये आठ किलो काढायचे तर दिवस जातो आणि वीज जाते. छावणीतल्या एका बेकरीत भट्टी पावाचा घाणा निघाल्यावर दुपारी तापलेली असते, तेव्हा ते लोकांचे केक भाजून देतात. भाजणावळ किलोला ५०. नंबर पंधरा दिवस आधी लावावा लागतो, २० तारखेनंतर तर ते घेतच नाहीत. डब्यांना तुपाचा हात, आत कागद, कागदाच्या कडेवर पेन्सिलीने घरचं नाव. शाईने लिहू नका, तुपाने पसरते.

भट्टीच्या मागच्या बाजूला ठेवलेला एक डबा वरून करपला. भट्टीवाल्याने त्याची भाजणावळ घेतली नाही. वरचा थर सुरीने तासून तो घरात खाण्यासाठी ठेवला. डबे तिथेच सोडून येऊ नका, थांबा आणि अर्ध्या वेळेनंतर मागचे पुढे करायला सांगा. बाकी सात सुरेख फुगले. गार झाल्यावर बटर पेपरात गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत.

२० डिसेंबर, शनिवार

काल रात्री कॅरल मंडळी येऊन गेली, तीसेक जण. चहा, केकची फोड, शेव. दानाचं पाकीट जानेवारीत ठरवलेल्याच रकमेचं. पाकिटात किती घालायचं हे दारात तबला वाजत असताना ठरवलं की कधी जास्त जातं, कधी कमी जातं आणि मग मनाला लागतं.

मटणवाल्याला २४ आणि २५ चं सांगून ठेवलं. भाव त्याने आत्ता बांधून दिला नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

काल पाहुणे गेले. आज हिशेब.

तिकिटं ८,७००. कपडे १५,४००. आहेर आणि भेटी ९,६००. फराळ आणि केक ११,९००. जेवणखाण २१,३००, इथे ठरवल्यापेक्षा १,३०० जास्त. मटणाने आणि दुधाने. चौदा माणसांच्या घरात दूध किती लागतं ते वहीत लिहिलंच नव्हतं. मांडव-गाद्या ३,९००. सजावट १,७००. कॅरल आणि दानार्पण ५,२००. सराफा १,४००. एकूण ७९,१००. शिल्लक २,५५०. कार्डावर शून्य.

२५ च्या संध्याकाळी लाल चर्चची गव्हाणी बघायला गेलो. तिथे त्या दिवशी सगळ्या धर्मांचे लोक रांग लावतात, गाडी लावायला जागा मिळत नाही. लांब उतरून चालत गेलो, नऊच्या नऊ पाहुणे आणि आम्ही. नणंदेने वाटेत विचारलं, “वहिनी, कर्ज नाही ना केलंस या वेळी?” नाही म्हटलं आणि घरी आल्यावर तिला वही दिली. तिची पाळी २०२७ ला आहे. तिने सगळी पानं फोनमध्ये टिपून घेतली.

३ जानेवारी २०२६, शनिवार

भिशीच्या अडकलेल्या ५,००० पैकी २,००० आले. ते शाळेच्या पानावर, एप्रिलसाठी.

यंदा पाळी पुण्याची. आमचा खर्च चार जणांची आणि सासूबाईंची तिकिटं, कपडे, आहेर आणि न्यायचा केक, ३६,००० धरला आहे. कालच २,८०० ची आरडी उघडली, मुदत नऊ महिने, पिकणार २ ऑक्टोबरला. त्या दिवशी सुटी असते, पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतील, आणि तरीही तिकिटांच्या आधी. महिन्याला ९०० जुन्या खात्यात. दुधाची ओळ वहीत लिहिली आणि पुण्याला जावेला फोटो पाठवला.